चारशे बारा नंबरचा अभिप्राय

“चारशे बारा तुम्हीच ना?” वाचनालयातल्या सुमनबाईंनी रजिस्टरमधून मान वर न करताच विचारलं, आणि किशोर आहेर हो म्हणाला. हो म्हणण्यावाचून इलाज नव्हता, नंबर त्याच्या हातातल्या कार्डावरच छापलेला होता. सुमनबाई म्हणाल्या की काल एक बाई येऊन गेल्या, मखमलाबादच्या, भाग्यश्री काकड, घरची फुलशेती आहे त्यांची. उद्या पहाटेच्या मॅरेथॉनमध्ये त्या पहिल्यांदाच पूर्ण बेचाळीस किलोमीटर पळणार आहेत, आणि त्याआधी त्यांना चारशे बारा नंबरच्या सभासदाला भेटायचं होतं. नाव सांगायचं नाही असा इथला नियम, म्हणून स्वतःचा फोन नंबर आणि पत्ता ठेवून गेल्या. एक निरोपही होता, तो सुमनबाईंनी वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतला होता आणि आता जसाच्या तसा वाचून दाखवला: त्यांनी कळेचं लिहिलंय ते खरं निघालं म्हणावं. मग त्यांनी मान वर केली, किशोरच्या शर्टाच्या ताणलेल्या बटणांवर क्षणभर नजर टेकवली आणि मोठ्या सौजन्याने म्हणाल्या, तुम्ही पळता, कधी बोलला नाहीत. किशोर कसंनुसं हसला. शनिवारची दुपार होती, डोक्यावर पंखा खडखडत होता, आणि छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात उघडं पडायची अशी वेळ आपल्यावर यापूर्वी फक्त एकदाच आली होती, हे त्याला नको असताना आठवलं.

अभिप्रायांची ही पद्धत वाचनालय सुरू करणाऱ्या मास्तरांनी पाडलेली. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरा फुलस्केप चिकटवायचा, वाचून झालं की सभासदाने त्यावर पेन्सिलीने चार ओळी लिहायच्या, आणि खाली सही न करता नुसता सभासद क्रमांक टाकायचा. नाव लिहिलं की माणूस शहाणपणा पाजळतो, नंबर लिहिला की खरं बोलतो, असं मास्तरांचं म्हणणं. मास्तर आता नाहीत, पण त्यांचा हा सिद्धांत खोटा पाडणारा माणूस त्यांच्याच वाचनालयात वीस वर्षं मुकाट पुस्तकं बदलत होता. लांब पल्ल्याच्या धावण्यावरची अकरा पुस्तकं तिथे होती, थोडी मराठी, बाकीची भाषांतरं. ती अकराही किशोरने वाचली होती, काही तर तीन-तीनदा. एरवी कादंबरीवर तो ‘बरी आहे’ एवढं लिहून मोकळा व्हायचा, पण या अकरांच्या मागे त्याची पेन्सिल सैल सुटायची. ‘अठराव्या किलोमीटरला डाव्या पायाचा अंगठा हरवतो. घाबरू नये, पंचविसाव्याला तो परत मिळतो.’ ‘पहिल्या तासात माणूस जगाशी भांडतो, दुसऱ्या तासात घरच्यांशी, तिसऱ्या तासात भांडायला कोणी उरत नाही.’ मी पळतो, असं त्याने कुठेही लिहिलं नव्हतं. मी पळत नाही, असंही लिहिलं नव्हतं. प्रत्यक्षात दोन जिने चढले की तो कठडा धरून उभा राहायचा आणि शेजारी दिसले तर खिशात किल्ली शोधल्यासारखं करायचा.

हे सगळं तसं निरुपद्रवी होतं, एक अभिप्राय सोडून. ‘बरगडीखाली, छातीत कळ येते ती खोटी असते. तिचं ऐकू नये. जो थांबला तो आयुष्यभर तिथेच थांबतो.’ हा त्याला चांगला लक्षात होता, कारण लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं होतं. आणि आता कुणी एक बाई म्हणत होती की ते खरं निघालं. म्हणजे तिला कळ आली होती. म्हणजे ती थांबली नव्हती. उद्या तिसाव्या किलोमीटरला पुन्हा आली तर तेव्हाही थांबणार नव्हती, कारण चारशे बारा नंबरने तसं सांगितलं होतं. वाचनालयाच्या पायरीवर उभ्या उभ्या किशोरने खिशातून फोन काढला. त्याने नंबर लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. मग ‘कळ आल्यास कृपया थांबावे’ असा मेसेज टाइप केला, त्यातला ‘कृपया’ काढला, पुन्हा घातला, आणि पाठवला. मेसेजपुढे एकच बारीक खूण उमटली, पोचल्याची दुसरी आलीच नाही. थोडा वेळ वाट बघून घरी जावं, असा एक भित्रा विचार त्याच्या मनात येऊन गेला. बायको म्हणायची, तुमचे पाय सोफ्यावर आणि छाती फुललेली मॅरेथॉनला. तिला हे सांगितलं असतं तर ती आधी हसली असती आणि मग गंभीर होऊन म्हणाली असती, जा आधी. म्हणून तो गेलाच.

इंदिरानगरहून मखमलाबादला स्कूटरने जायचं म्हणजे द्वारकेचा चौक ओलांडायचा, आणि तो ओलांडताना माणसाला विचार करायला भरपूर वेळ मिळतो. या पुस्तकांत असं काय होतं, हे किशोर स्वतःला पहिल्यांदा विचारत नव्हता. त्यांत काही घडत नाही. शेवट पहिल्या पानावरच माहीत असतो, माणूस निघालेला असतो आणि तो पोचणार असतो. खून नाही, प्रेमप्रकरण नाही, असलंच तर ते विसाव्या किलोमीटरच्या आत आटोपतं. एक माणूस श्वास घेतो, सोडतो, नाश्त्याचा विचार करतो, मेलेल्या वडिलांचा विचार करतो, पुन्हा नाश्त्याचा करतो. पण किशोरला ते वाचताना सुख व्हायचं. खुर्चीत बसल्या जागी त्याचा श्वास लांब व्हायचा, खांदे सैल पडायचे. ऑफिसात त्याने आयुष्यभर कालव्यांचे नकाशे काढले होते, गंगापूर धरणाच्या डाव्या कालव्याचा छेद तर तो झोपेतही काढू शकला असता, तळाची रुंदी, बाजूचा उतार, भरावाची उंची, सगळं. त्या कालव्याच्या भरावावरून तो एकदाही चालला नव्हता. कागदावरची गोष्ट त्याला पुरायची, असंच लोक समजत आणि तोही तसंच सांगे. ते खरं नव्हतं. कागदावरून त्याला एक विशिष्ट जागा शोधायची होती. प्रत्येक पुस्तकात त्याचं लक्ष असायचं ते दमलेला माणूस थांबायच्या बेतात येतो आणि थांबत नाही, त्या पानांवर. ती पानं तो हळू वाचायचा, मागे जाऊन वाचायचा. त्यांत काय असतं हे त्याला कळून घ्यायचं होतं, कारण त्याच्या स्वतःच्या आयुष्यातली बरोबर तेवढीच पानं कोरी होती.

देवळाली कॅम्पला तो सातवीत असतानाची गोष्ट. वडील तोफखान्याच्या केंद्रात स्टोअरकीपर, वर्दी नसलेले, पण वर्दीतल्यांपेक्षा ताठ. सकाळी क्वार्टरच्या खिडकीखालून जवानांच्या तुकड्या पळत जायच्या, त्यांच्या बुटांचा आवाज एकसारखा यायचा, आणि वडील दाढी करता करता म्हणायचे, बघ, याला म्हणतात दम. शाळेने सहा किलोमीटरची शर्यत ठेवली तेव्हा किशोरचं नाव त्यांनीच देऊन टाकलं. मैदानावरून निघायचं, लहवितच्या रस्त्याने तीन किलोमीटर जायचं, तिथे उभ्या असलेल्या पी.टी.च्या मास्तरांना हात लावायचा आणि त्याच रस्त्याने परत यायचं. दुसऱ्या किलोमीटरला त्याच्या बरगडीखाली कळ आली. अशी, की जणू कोणी आतून दोरी ओढून धरली आहे. रस्त्याखाली एक मोरी होती, कोरडी, आत सावली होती. तो उतरला आणि बसला. फक्त श्वास घ्यायला, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. डोक्यावरून पावलं गेली, खूप पावलं. मग कळ गेली, पण तो उठला नाही, कारण आता सगळ्यांच्या मागून जाऊन मास्तरांना हात लावायचा म्हणजे वडिलांसमोर शेवटचा येणं होतं. काही वेळाने पावलं परत येऊ लागली. पहिलं एक गेलं. दुसरं एक गेलं. आणि पुढे काय झालं ते किशोरने स्वतःला निरनिराळ्या प्रकारे सांगून पाहिलं होतं, पाय आपोआप वर आले, कुणी तरी हाक मारली, पण खरं एवढंच की तो मोरीतून रस्त्यावर आला आणि परत येणाऱ्यांसारखाच मैदानाच्या दिशेने पळू लागला. मैदानात तो तिसरा आला. मास्तर सर्वांत शेवटी सायकलवरून परत आले, यादीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, हा मला हात लावून गेला का, असा एक विचार त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेलेला त्याने पाहिला, आणि मग त्यांनी सही केली. पहिल्याला बॅट मिळाली, दुसऱ्याला डबा, तिसऱ्याला पुस्तक, कुठल्याशा परदेशी धावपटूचं चरित्र. वडिलांनी प्रमाणपत्राला फ्रेम केली. ते गेले त्या दिवशीही ती भिंतीवर होती. किशोरने त्या रात्री ते पुस्तक वाचायला घेतलं ते आपण गाळलेल्या दोन किलोमीटरमध्ये काय असतं हे बघायला, आणि चव्वेचाळीस वर्षं तो तेच बघत होता.

काकडांचा मळा कालव्याला लागूनच होता. पत्र्याच्या शेडमध्ये शेवंतीचा ढीग होता, आणि ढिगाच्या एका बाजूला एक म्हातारी खाटेवर, दुसऱ्या बाजूला पस्तिशीची, उन्हाने रापलेली, काटक बाई खाली गोणपाटावर बसून फुलांचे कॅरेट भरत होत्या. फोन दूर खुंटीला, पिशवीत होता. किशोरने शेडच्या तोंडाशी उभं राहूनच सांगितलं की मी चारशे बारा. बाई लगबगीने उठल्या, हात पदराला पुसले, त्यांना एवढा आनंद झाला की किशोरला तिथून पळून जावंसं वाटलं. सासूला म्हणाल्या, आत्या, हे अंगठावाले. सासूने, सगुणाबाई त्यांचं नाव, कपाळावर हात धरून त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, हे व्हय. त्या दोन शब्दांत पोट, चष्मा, टक्कल सगळं आलं. खाटेवर त्यांनी त्याच्यासाठी जागा केली, पण तो बसला नाही. एका दमात बोलून टाकलं नाही तर आपण चहा पिऊन, शुभेच्छा देऊन परत जाऊ, एवढी त्याला स्वतःची ओळख होती.

“मी पळत नाही,” तो म्हणाला. “कधीच पळालो नाही. ते सगळं पुस्तकांतून घेऊन लिहिलेलं आहे, काही तर मनचंच. कळेचं लिहिलं ते साफ खोटं आहे. उद्या छातीत दुखलं तर थांबा. माझ्यामुळे तुम्हाला काही झालं तर...”

भाग्यश्रीबाई पुन्हा खाली बसल्या आणि फुलं भरू लागल्या, त्याला मोकळं वाटावं म्हणून असेल. “मला माहितीये काका,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याच पुस्तकाला कळलं मला, की हे काय पळत नाय.”

कशावरून, असं त्याने विचारलं तेव्हा त्या लाजल्या आणि सासूकडे बघून हसल्या. अकराच्या अकरा पुस्तकांमागे तुम्ही लिहिलं, पण पळताना मध्येच पोट बिघडतं, आडोसा शोधावा लागतो, याबद्दल अवाक्षर नाही. पळणारा माणूस पहिलं तेच लिहील, म्हणाल्या. आणि कळेचं म्हणाल तर, मागच्या महिन्यात दोनदा आली, दोन्ही वेळेला त्या थांबल्या, कालव्याच्या भरावावर बसल्या, गेल्यावर उठल्या. दुसऱ्या दिवशी नवऱ्याबरोबर डॉक्टरांकडे जाऊन छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, यंत्राच्या पट्ट्यावरही पळवलं त्यांनी. हृदय ठणठणीत आहे, फक्त भाकरी खाऊन लगेच पळत जाऊ नका, असं सांगितलं. म्हणजे कळ खोटी होती हे खरंच निघालं की, पण ते डॉक्टरांनी सांगितल्यावर. तुमच्या भरवशावर कोण जीव देतंय, असंही त्या म्हणाल्या, आणि ते इतक्या सरळपणे म्हणाल्या की किशोरच्या छातीवरचं मोठं ओझं धपकन खाली पडलं. वीस मिनिटांपूर्वी आपण एका बाईला मारून बसलो होतो आणि आता ती समोर बसून फुलं भरते आहे, याचं सुख त्याच्या अंगभर पसरत गेलं.

मग भेटायचं कशाला होतं, असं त्याने विचारलं. त्यावर उत्तर सगुणाबाईंनीच दिलं. सून पहाटे उठून पळती, भावकी नावं ठेवती, आणि इचारलं की काय मिळतं तुला, तर हिला सांगता येत नाय. नुसतं म्हणती बरं वाटतं. मग एक दिवस तिने पुस्तकामागचं वाचून दाखवलं, जगाशी भांडण, घरच्यांशी भांडण, मग भांडायला कोणी उरत नाही. “त्या दिशी मला कळलं ही काय करती ते,” सगुणाबाई म्हणाल्या. “म्हटलं, पळ बाई. घरात भांडण्यापरीस बरं हाय.”

“पळताना मला काय सुचत नाय काका,” भाग्यश्रीबाई म्हणाल्या. “पळून आल्यावर हितं पडून वाचते, तेव्हा समजतं की अरे, आपल्याला असं झालं होतं. पण जो थांबला तो आयुष्यभर थांबतो, ते नाय पटलं. तेच इचारायचं होतं. असं का लिहिलं?”

आणि किशोरने सांगितलं. कोणाला म्हणून सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही, ते त्याने एका फुलांच्या शेडमध्ये उभं राहून दोन अनोळखी बायांना सांगितलं, मोरी, पावलं, मास्तर, फ्रेम, सगळं. सगुणाबाईंनी मध्येच विचारलं, केवढा होता तुम्ही, आणि बारा म्हटल्यावर त्या चुकचुकल्या, बापाला भिणारं लेकरू, बसलं आसंल. चव्वेचाळीस वर्षांत त्या पोराकडे किशोरने असं कधी बघितलं नव्हतं. तो त्या पोरावर नुसती पाळत ठेवून होता. तो कालव्याकडे बघू लागला. मग म्हणाला की त्या दोन किलोमीटरमध्ये काय असतं तेच शोधत मी एवढी पुस्तकं वाचली.

भाग्यश्रीबाईंनी यावर खरोखर विचार केला. शेवटी म्हणाल्या, “काय नसतं हो तिथं. पाय दुखतात, आन घरी कधी जाईन असं होतं.” आणि मग पळणाऱ्या माणसालाच सुचेल असा प्रश्न त्यांनी विचारला. “चौथा कोण आला होता?”

हा प्रश्न किशोरला त्याच्या स्वतःच्या मनानेही आजवर विचारला नव्हता. किंवा विचारू दिला नव्हता. मनोज, तो म्हणाला. शेजारच्या क्वार्टरमधला, पुढे रेल्वेत लागला, मनमाडला असतो, शाळेच्या ग्रुपवर रोज सकाळी सूर्योदयाचे फोटो टाकतो. त्याचं बक्षीस आपण खाल्लं. इतकी वर्षं आपण दोन किलोमीटरचं दुःख करत बसलो आणि मनोजचं नाव त्यात एकदाही आलं नाही, हे कळलं तेव्हा त्याला मोरीपेक्षा याचीच जास्त लाज वाटली. भाग्यश्रीबाई शांतपणे म्हणाल्या, मग आमच्याकडे कशाला सांगता, त्यांना सांगा. नंबर आहे ना? किशोरने फोन काढला. नंबर लावला. मनोजने दुसऱ्याच घंटीला उचलला, मागे चहाच्या कपबशांचा आवाज येत होता. ख्यालीखुशालीला थारा न देता किशोर म्हणाला, सातवीतली ती शर्यत तुला आठवते का.

“कोणती? तू मोरीखाली बसला होतास, ती?”

किशोर खाटेवर बसला. तुला माहीत होतं, एवढंच तो कसंबसं म्हणाला.

“जातानाच दिसला होतास की. आणि येताना माझ्यापुढे टुणकन वर आलास. शेवटच्या वळणावर मी तुला सहज गाठलं असतं, रे.” मनोजने चहाचा घोट घेतलेला ऐकू आला. “पण तिसऱ्याला पुस्तक होतं. म्हटलं, कोण वाचत बसणार? मुद्दामच हळू झालो.”

फोनमध्ये मनोज हॅलो, हॅलो करत राहिला. त्याला वाटलं, रेंज गेली.